जेवणाआधी छप्पर

काँक्रीट एकदा कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही. साहेबासाठी नाही, पावसासाठी नाही, घरमालकाच्या सासूसाठी तर मुळीच नाही. स्लॅब ओतायला एका कोपऱ्यातून सुरुवात केली की दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता जावं लागतं. मध्येच थांबलात, उरलेलं उद्या करू म्हणालात, तर जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा जुळत नाही आणि पुढे जन्मभर त्या रेषेतून पाणी गळतं. हे आधीच सांगायचं कारण असं की आमच्या मॉरिशसमधली एक मोठी रीत या अडचणीतून जन्माला आली, आणि मी व माझा भागीदार यशवंत, आम्ही दोघांनी मिळून ती अडचण सोडवली. ती सोडवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी व्हाकोआ गावचा. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढायचो. आमच्या घरात मराठी बोलत, पण ते पूर्वजांनी उसाच्या मळ्यावर येताना कोकणातून आणलेलं आणि नंतर क्रिओल-भोजपुरीत चांगलं मुरलेलं. तुम्ही वाचताय ते मराठी मी संध्याकाळच्या बैठकीत, म्हणजे देवळामागच्या वर्गात, आधी शिकलो आणि मग शिकवलं. एखादं वाक्य अडखळलं तर चालवून घ्या.

माझ्या लहानपणी घरं लाकडाची आणि पत्र्याची. पत्र्याला आम्ही तोल म्हणतो. सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आला की तोल उडायचे आणि वारा पडल्यावर माणसं उसातून आपापले तोल शोधत हिंडायची. त्यावरून भांडणंही व्हायची, कारण उडालेला तोल ज्याच्या शेतात पडेल त्याला तो एकदम ओळखीचा वाटायचा. सत्तरच्या दशकात एक असा सिक्लोन येऊन गेला की त्यानंतर ज्याला त्याला डोक्यावर काँक्रीट हवं झालं. लोकांनी पोटाला चिमटा काढून भिंती उभ्या केल्या. भिंतींना घाई नसते. पगार झाला की दोन थर चढवायचे, नाही झाला तर तसंच ठेवायचं. छपराला ते चालत नाही. ते एका दिवसात पुरं व्हायला हवं, त्याला पुष्कळ हात हवेत, आणि इतक्या हातांना मजुरी द्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. म्हणून गाव यायचं.

या दिवसाला आम्ही ‘कूल दाल’ म्हणतो. कूल म्हणजे ओतणं, दाल म्हणजे स्लॅब. ताटातल्या डाळीशी संबंध नाही, जरी शेवटी तीही लागतेच. या दिवसाचं आमंत्रण नसतं. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग दिसला, भिंतींवर ओलं काँक्रीट पेलायला फळ्या ठोकलेल्या दिसल्या, की शनिवारी पहाटे माणसं जुने सदरे घालून, आपापल्या बादल्या घेऊन हजर. खाली काँक्रीट कालवणारे, तिथून शिडीपर्यंत आणि शिडीवरून थेट वर रांग. भरलेली बादली हातोहात वर जाते, रिकामी दुसऱ्या बाजूनं खाली येते. सगळीकडून एकच आरोळी: “वित! वित!” म्हणजे लवकर, लवकर. आवारात बायकांनी मोठाल्या देगी चढवलेल्या. काम संपलं की नळावर सिमेंटचे हात धुवायचे, भात आणि कोंबडीचं कालवण जेवायचं, मग रम. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही. आज तुझी दाल, उद्या माझी. खुर्ची फक्त पाहुण्याला मिळते: भटजी आले तर त्यांना, बँकेचा माणूस पाहणीला आला तर त्याला. बाकी सगळे रांगेत.

उत्तरेकडच्या प्लेन दे पपाय गावात या दिवसांचा राजा एकच, धोंडूकाका. यशवंतचे वडील. उसाच्या मळ्यावर मुकादम होते. बुटके, कमरेत किंचित वाकलेले, मिशी मात्र ताठ. वर आलेलं काँक्रीट सारखं करण्याचं काम त्यांचं. त्यासाठी त्यांच्याकडे ताकामाका लाकडाची एक लांब, सरळ पट्टी होती, वापरून वापरून काळी पडलेली. ती दोन्ही हातांनी धरून ते मागे मागे सरकत जायचे आणि त्यांच्यापुढे छप्पर सपाट होत यायचं. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरावरून ती पट्टी फिरली होती. काकांचं स्वतःचं घर मात्र अजून तोलाचंच होतं, कारण त्यांचा सगळा पैसा यशवंतच्या विलायतेतल्या शिक्षणात गेला होता. आपल्या कूल दालसाठी ते वर्षानुवर्षं फळ्या जमवत होते. कुणाच्या जुन्या दाराची, कुणाच्या मोडक्या गाडीची. त्यांना तेल लावून लिचीच्या झाडाखाली रचून ठेवायचे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला घर दाखवायच्या आधी त्या फळ्या दाखवल्या.

यशवंत विलायतेतून संगणक शिकून आला. सत्तरचं दशक संपत होतं आणि आमच्या बेटावर संगणक पाहिलेली माणसं फार नव्हती. पुढे दोनेक वर्षांनी त्यानं एक छोटं मशीन मागवलं. ते टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. माझी त्याची ओळख बैठकीतली. एकदा माझ्या कामाच्या टेबलाशी येऊन तो म्हणाला, “आत्माराम, एका छपरासाठी हे लोक फळ्यांचं जंगल उभं करतात आणि परत मोडतात. कशाला? तुला घर काढता येतं, मला मशीन चालवता येतं. आपण छप्पर विकू.”

कल्पना परदेशातली होती, आम्ही ती आमच्या बेटाला बेतली. काँक्रीटच्या बारीक तुळया आधीच कारखान्यात ओतून ठेवायच्या. भिंती तयार झाल्या की तुळया आडव्या टाकायच्या, मधल्या जागेत पोकळ ब्लॉक बसवायचे आणि वरून काँक्रीटचा पातळ थर द्यायचा. फळ्यांचं जंगल नको, बादल्यांची रांग नको. मिक्सरवाला धरून पाच माणसं पुरेत. अवघड होता तो हिशेब. कुठल्याही दोन घरांच्या खोल्या सारख्या नसतात. तुळया किती, केवढ्या, प्रत्येकीत तारा किती, हे काढायला मला दोन-तीन दिवस लागायचे. यशवंतचा प्रोग्रॅम ते चहा निवायच्या आत काढायचा. खोलीची लांबी विचारायचा, रुंदी विचारायचा, मजले किती विचारायचा, आणि मग छपाईयंत्र करकरत कागद बाहेर टाकायचं. पहिल्यांदा तो कागद माझ्या हिशेबाशी जुळला तेव्हा आम्ही दोघे गॅरेजमध्ये नाचलो होतो.

गॅरेज माझंच, व्हाकोआचं. मागच्या आवारात तुळया ओतायच्या, पुढे मशीन. व्हाकोआची हवा इतकी दमट की तिथे कपडे वाळत नाहीत, तिथे यंत्र काय टिकणार! आम्ही त्याच्याशेजारी दिवसभर विजेचा दिवा लावून ठेवायचो आणि संध्याकाळी माझ्या आईची गोधडी पांघरायचो. एकदा घाईत प्रोग्रॅमऐवजी भजनाची कॅसेट घातली गेली. मशीन बराच वेळ निमूट ऐकत बसलं आणि शेवटी पडद्यावर ‘चूक’ असं दाखवलं. आईनं दोन दिवस त्याला गोधडी दिली नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नग. क्वात्र बॉर्नच्या बाजारातले एक कापडवाले आले. मशीननं किंमत दाखवली. ते माझ्याकडे बघेनात, यशवंतकडे बघेनात, टीव्हीकडे बघून म्हणाले, “ह्येला सांगा, थोडा कमी कर.” यशवंत म्हणाला, हे यंत्र आहे, ते भाव करत नाही. गृहस्थ उठून चालायला लागले. “जो भाव करत नाय त्येच्यावर भरवसा कसा ठेवायचा?” त्यानंतर यशवंतनं प्रोग्रॅममध्ये सोय केली: एक कळ दाबली की किंमत जरा खाली यायची. आधी ती तेवढीच वर चढवलेली असायची, हे सांगायला नको. ते कापडवाले पुढे आमची फुकट जाहिरात करत फिरले, की मशीन मोठं समजूतदार आहे.

पण ही सगळी पुढची गोष्ट. आधी आम्हाला एक नमुन्याचं घर हवं होतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी डोक्यावर नवीन तऱ्हेचं छप्पर घेत नाही, आणि बँकही म्हणत होती की एक तरी बांधून दाखवा. काकांच्या नव्या घराच्या भिंती तेव्हा नुकत्याच पुऱ्या झाल्या होत्या.

रविवारी आम्ही प्लेन दे पपायला गेलो. चहा झाल्यावर यशवंत म्हणाला, “बा, पहिलं छप्पर तुमच्या घरावर. आमच्या खर्चानं.”

काका हसले. मग त्यांनी विचारलं, “मान्सं किती लागतील?”

“पाच.”

“पाच?” त्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “आनि गावची मान्सं?”

“कुणी नको, बा. जेवणाआधी छप्पर तयार. तुम्ही नुसते उभे राहून बघा.”

काका लिचीच्या झाडाकडे बघत राहिले. “मंग त्या फळ्या?”

“विकून टाका.”

मी हात धुवायला मागे गेलो तर रुक्मिणकाकी पाठोपाठ आल्या. हळूच म्हणाल्या, “आत्माराम, तू सांग त्याला. ह्येंनी समद्या गावची दाल कुलली. आपली येक बगायची हाय त्यांना. दुसरा काय नको.”

परतताना गाडीत मी यशवंतला ते सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, “लोकांच्या छपरांवर वाकून वाकून बाची कंबर गेली. मी त्यांना त्यातून सोडवतोय. मुलगा म्हणून एवढंही करू नको?” हे तो मनापासून बोलत होता. वडिलांवर त्याच्याइतकं प्रेम करणारा मुलगा मी फार थोडा पाहिला आहे. आणि पुढच्या आठवड्यात काकांनीच निरोप धाडला: “लेकराचा काम हाय. त्याला पायजे तसा करू दे.”

तो शनिवार उजाडला. आम्ही तुळयांचा ट्रक घेऊन पोचलो तर रस्त्यावर माणसंच माणसं. कुणी बोलावलं नव्हतं. खडीचा छोटा ढीग पाहून सगळे आले होते. धोंडूकाकांची दाल म्हटल्यावर शेजारच्या गावांतूनही आले होते. जुने सदरे, डोक्याला फडकी, हातात बादल्या. पुढे शेजारचा पांडू, काकांच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा. आवारात काकींनी तीन देगी चढवल्या होत्या. पाच माणसांचा स्वयंपाक कसा करतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

यशवंत आनंदानं फुलला होता. हात पसरून तो मोठ्यानं म्हणाला, “आज कुणी राबायचं नाही! आज तुम्ही सगळे पाहुणे! पा त्राका, काळजी नको, आसिझे, बसा आणि गंमत बघा!” आणि मला म्हणाला, “आत्माराम, मराठी सभेच्या हॉलमधून खुर्च्या आण.”

मी ट्रक घेऊन गेलो आणि लोखंडी घडीच्या खुर्च्या भरून आणल्या. एकेक उघडून रस्त्याकडेला मांडल्या. माणसं जरा एकमेकांकडे बघत राहिली आणि मग बसली. बादल्या दोन पायांच्या मध्ये ठेवल्या. आपल्या लोकांना खुर्ची दिल्यावर नको म्हणता येत नाही.

काम सुंदर झालं. ते मी आजही अभिमानानं सांगतो. तुळया मशीननं सांगितल्या तशा जागच्या जागी बसल्या. एकही कापावी लागली नाही. काका पट्टी घेऊन शिडीखाली उभे होते, वरचा थर सारखा करायला. पण आम्ही त्यासाठी ॲल्युमिनियमची नवी पट्टी आणली होती आणि आमच्या माणसांनी ती फिरवूनही टाकली. काकांनी आपली पट्टी भिंतीला टेकवली आणि तेही येऊन खुर्चीत बसले. ऊन डोक्यावर यायच्या आत सगळं संपलं.

पांडू उठला. “आता आमी काय करायचा?”

“जेवायचं!” यशवंत म्हणाला.

पांडूनं आपले तळहात पुढे केले. “हात तर सुके हायत.”

सगळे हसले, यशवंतही हसला. तरी माणसं नळावर गेली, कोरडे हात धुतले आणि पानावर बसली. पण दोन घास खाऊन कुणाला गुरांना चारा घालायचा होता, कुणाच्या घरी पोर आजारी होतं. “बोन अपेती, काका, सावकाश जेवा” म्हणून एकेक जण बादली उचलून गेला. रम कुणी उघडलीच नाही. दोन देगी भरलेल्या तशाच राहिल्या. काकी त्यांच्याकडे बघत चुलीशी बसून होत्या. मी छपराच्या मापांचा कागद पुन्हा तपासत बसलो.

त्या दिवशी आम्ही एक फोटो काढला. वर तयार होत आलेलं छप्पर, खाली खुर्च्यांत बसून वर बघणारी माणसं. तो मोठा करून आम्ही क्वात्र बॉर्नला घेतलेल्या नव्या ऑफिसात लावला. गिऱ्हाइकांना तो फार आवडायचा. “बघा, लोक बसलेत आणि छप्पर होतंय!” पाटीवर आम्ही फ्रेंचमध्ये तेच लिहिलं होतं: जेवणाआधी छप्पर.

धंदा चालला. क्वात्र बॉर्न, व्हाकोआ इथले मास्तर, कारकून, नर्सेस आमच्याकडे येत. त्यांचे भाऊबंद दूर गावी, शेजाऱ्यांशी नुसती मान हलवण्यापुरती ओळख. कूल दाल म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. त्यांना आमचा खरोखर उपयोग झाला, आणि त्यातलं एकही छप्पर गळलं नाही. पण प्लेन दे पपायमधून एकही मागणी आली नाही. यशवंत म्हणायचा, गावाला वेळ लागतो.

गावाचं काय झालं होतं ते मला वर्षभरानं कळलं. पांडूच्या घराची दाल होती. काकांच्या कमरेमुळे मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो. तसं ते पाचच घरं पलीकडे होतं, पण ती लांब पट्टी हातात धरून चालणं आता त्यांना जमत नव्हतं. आम्ही उतरलो. रांग लागलेली, “वित! वित!” चाललेलं. काका शिडीकडे निघाले तोच पांडू धावत आला. त्याच्या हातात खुर्ची होती.

“काका, तुमी बसा. तुमाला कशाला तरास?”

“अरं, पट्टी आनली हाय म्या.”

“वरती हाय मानूस. तुमी बसा.”

वर एक तरुण नवी पट्टी घेऊन वाकला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पांडूकडे. आणि ते बसले, पट्टी मांडीवर आडवी घेऊन. त्यांना सगळ्यांत आधी सरबत आलं, सगळ्यांत आधी पान वाढलं गेलं. मानपानात कसलीही कसर नव्हती.

मी पांडूला बाजूला घेऊन विचारलं, “काकांवर राग आहे का?”

तो दचकलाच. “आयो, राग कसला? काका आमचा बापासारका. पर त्येंच्या लाकाझला, त्या घराला, आमचा हात नाय लागला. मंग आता त्येंचा हात आमी कसा घ्यायचा? फेडायचा कुटं?”

मी यशवंतला हे जसंच्या तसं सांगितलं. तो टीव्हीसमोर बसला होता. त्यानं पडद्यावरचा हिशेब पुसला. मग म्हणाला, “आत्माराम, हे मशीननं विचारलं नव्हतं.” पुढच्या आठवड्यात तो फोटो भिंतीवर नव्हता.

त्यानंतर त्याचं मन धंद्यात लागेना. त्याच सुमारास बेटावर कापडाचे मोठमोठे कारखाने उभे राहत होते, त्यांच्या शेडसाठी मोठ्या कंपन्या आल्या, क्रेनचे ट्रक आले, नळीतून काँक्रीट वर फेकणारी यंत्रं आली. आमचं गॅरेज त्यांच्यापुढे काय टिकणार! यशवंत बायकोमुलांना घेऊन कॅनडाला गेला. जाताना मशीन माझ्याकडे ठेवून गेला. ते अजून आहे, गोधडीत गुंडाळलेलं. मी पुन्हा नकाशे काढू लागलो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका सकाळी दारात काका उभे. दोन बस बदलून, पोर्ट लुईमार्गे, एकटे आले होते. चहा झाला. म्हणाले, “आत्माराम, माज्या लाकाझवर येक मजला काड. यशवंत आला म्हंजे त्याला ऱ्हायला.”

यशवंत परत येणार नव्हता. ते मला माहीत होतं, आणि काकांनाही. त्यांना वरच्या खोल्यांशी घेणं नव्हतं. मजला म्हणजे वर आणखी एक स्लॅब, आणि स्लॅब म्हणजे कूल दाल. ते एवढ्यासाठी आले होते.

आता आमच्याकडची आणखी एक रीत सांगायला हवी. मॉरिशसमध्ये घर कधी पुरं होत नाही. प्रत्येक छपरावर खांबांच्या सळया वर तशाच सोडलेल्या दिसतील, गंजत का होईना. मुलाचं लग्न झालं की त्या सळयांना धरून वरचा मजला चढतो. काकांच्या घराला तशा सळया नव्हत्या. मशीननं विचारलं होतं, मजले किती? आणि यशवंतनं एक हा आकडा दाबला होता. मशीननं मग एका मजल्याला लागेल तेवढंच सामान काढलं, त्यात काही चूक नाही. ते छप्पर स्वतःचं वजन पेलायला उत्तम होतं. त्याच्यावर दुसरं काही चढवता येत नव्हतं.

मी हे त्यांना कागदावर काढून समजावलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही.

“म्हंजे त्या लाकाझवर कदीच नाय?”

“नाही, काका.”

नोकरीत आणि धंद्यात मी लोकांना पुष्कळ वाईट बातम्या दिल्या आहेत. भिंत पाडावी लागेल, पाया खचलाय, नकाशा नामंजूर झाला. यापेक्षा जड शब्द मला कधी उच्चारावा लागला नाही.

काका उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “रांदायच्या जागेवर?”

आवारात काकींची बाहेरची चूल होती, जिथे देगी चढायच्या. वर चार खांबांवर एक गळका तोल. मी त्याची मापं आठवली. एका खाटेपेक्षा थोडी मोठी जागा. “तिथे होईल,” मी म्हणालो. मशीन न काढता, अर्ध्या कागदावर, पेन्सिलीनं काढून दिलं. माझ्या हातून झालेला तो सगळ्यांत लहान नकाशा.

काकांनी गावात कुणाला सांगितलं नाही. सांगायची रीतच नाही. लिचीखालच्या फळ्या त्यांनी कधी विकल्याच नव्हत्या. त्यातल्या दोन-चार काढून खांबांवर ठोकल्या आणि रस्त्याकडेला खडीचा ढीग टाकला. ढीग कसला, दहा-बारा घमेली.

शनिवारी मी पहाटेच पोचलो. कुणी येईल की नाही या काळजीनं काका कुंपणाशी उभे होते, पट्टी हातात धरून. आधी पांडू आला. मग त्याचे भाऊ. मग त्या गल्लीतले, मग मागल्या गल्लीतले. जुने सदरे, बादल्या. रस्त्यापासून चुलीपर्यंत रांग लागली आणि जागा संपली तेव्हा ती आवारात दोनदा वळवून घेतली. तेवढं काँक्रीट खरं तर दोघांनी चहाच्या वेळेआधी टाकलं असतं. म्हणून माणसांनी बादल्या पाव-पावच भरल्या. एकेक बादली सगळ्यांच्या हातांतून सावकाश फिरत फिरत वर जात होती. वित वित कुणी ओरडत नव्हतं. पांडू ओरडत होता, “दूस्मां! दूस्मां!” हळू, हळू. काका वर ओणवे बसले होते. पट्टी त्या छपरापेक्षा लांब होती, दोन्ही बाजूंनी बाहेर यायची. ते तिला तिरकी धरून, पुन्हा पुन्हा, झालेलंच सारखं करत होते. काकी चुलीपासून दूर, अंगणात देगी चढवून बसल्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. धुरामुळे, असं त्यांनी मला सांगितलं.

मी बूट काढले, विजार दुमडली आणि रांगेकडे गेलो. पांडूनं मला पाहिलं. तो रांगेतून बाहेर पडला, घरात गेला आणि एक लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आला. मराठी सभेच्या हॉलमधली, मी पूर्वी ट्रकमधून वाहून आणल्या होत्या त्यांतलीच, परत करायची राहिलेली. त्यानं ती लिचीच्या सावलीत उघडली, बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली.

“मिस्ये आत्माराम, तुमी बसा.” मिस्ये म्हणजे साहेब.

मी बसलो. वरून काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुढची बादली आली आणि ते तिच्याकडे वळले.

काम संपल्यावर सगळे नळावर हात धुवायला गेले. मोठी गर्दी होती, पाणी राखाडी होऊन वाहत होतं. मीही गेलो आणि माझी पाळी आल्यावर हात धुतले. ते कोरडेच होते.